मुलींच्या खाजगी शाळेत आठवीपासून घालावं का? अभ्यासाच्या ताणाबद्दल नेमकी माहिती हवी आहे

दादरची_आई

मुलगी सातवीत आहे. राज्य मंडळ, इंग्रजी माध्यम, सध्याची शाळा मुलं-मुली एकत्र. आठवीपासून तिला दादर-माटुंगा-माहीम पट्ट्यातल्या फक्त मुलींच्या खाजगी शाळेत घालायचं घरात चाललंय. सासूबाईंचं म्हणणं, मुलींच्या शाळेत शिस्त असते आणि दहावीचा निकाल चांगला लागतो. नणंदेचं म्हणणं, तिथे मुली एकमेकींचे मार्क मोजत बसतात आणि आतल्या आत कुढतात.

मला चांगली की वाईट असं उत्तर नकोय. आठवी ते दहावी अशा शाळांत वर्ष कसं चालतं, ताण नेमका कुठून येतो, फक्त मुली असल्यामुळे त्यात काय फरक पडतो, आणि प्रवेशाआधी शाळेत जाऊन काय विचारायचं, काय बघायचं, हे जाणकारांनी सांगावं. मुलगी अभ्यासात बरी आहे. गणितात हळू आहे पण सहसा चुकत नाही. चूक झालीच तर मात्र फार लावून घेते.

खडूफळा

ताई, मी माध्यमिकला गणित शिकवते, मुलींच्या आणि मुलांच्या दोन्ही प्रकारच्या खाजगी शाळांत. आधी वर्षाच्या वेळापत्रकाबद्दल सांगते, कारण ताणाचा मोठा भाग तिथूनच येतो. शाळा मुलींची की मुलांची हा प्रश्न त्यानंतरचा.

दहावीची लेखी परीक्षा साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चच्या सुरुवातीला सुरू होते. निकालाची काळजी असलेल्या शाळा डिसेंबरात पहिली प्रिलिम आणि जानेवारीत दुसरी घेतात, काही तर तिसरीही घेतात. त्यासाठी पोर्शन नोव्हेंबरअखेर संपावा लागतो. नोव्हेंबरात संपवायचा म्हणजे जूनमध्ये सुरू करून भागत नाही. म्हणून नववीची वार्षिक परीक्षा झाल्याबरोबर एप्रिलमध्ये दहावीचे तास सुरू होतात. दुसरीकडे क्लासवाले व्हेकेशन बॅच काढतात. मुलगी मे महिन्यात क्लासमध्ये वर्गसमीकरणं शिकते, जुलैत तीच शाळेत शिकते, डिसेंबरात क्लासच्या रिव्हिजनला तीच पुन्हा. एकच धडा तीन वेळा, तोही वेगवेगळ्या लोकांकडून आणि वेगवेगळ्या पद्धतीने. शाळेतल्या बाई पूर्ण वर्ग पद्धतीची प्रत्येक पायरी मागतात, क्लासचे सर सूत्र वापरून मोकळे होतात. मुलीच्या दोन वह्या तयार होतात आणि घटक चाचणीच्या आदल्या रात्री कुठल्या वहीतून वाचायचं इथपासून रडारड सुरू होते. हे मुलांच्या शाळेत, मुलींच्या शाळेत, एकत्र शाळेत, सगळीकडे सारखंच.

आता फरक कुठे पडतो ते. मुलींच्या शाळेत टापटिपीला फार मान असतो. हे वरवरचं वाटतं, पण गुण त्यातूनच जातात. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, भूमितीचाही तसाच. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. तुमच्या मुलीसारख्या हळू पण अचूक मुलीला हा वेळ पुरतो. पुरत नाही तो कुणाला, ते उत्तरपत्रिका उघडली की दिसतं. दोन्ही बाजूंना पट्टीने आखलेला समास, प्रत्येक उत्तराभोवती पेन्सिलीची चौकट, प्रश्न अख्खा उतरवून काढलेला, आकृती एकदा पुसून पुन्हा काढलेली, आणि शेवटचा प्रश्न कोरा. अशा मुलीला गणित येत असतं. एका ओळीत चूक झाली म्हणून तिने सगळं उत्तर खोडलं आणि नव्या पानावर पहिल्यापासून लिहिलं, त्यात तिची आठ-दहा मिनिटं गेली. चूक लावून घेणाऱ्या मुलीला आठवीतच शिकवा : चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुढचं लिहायचं. परीक्षक खोडलेलं बघत नाही आणि खोडल्याबद्दल गुणही कापत नाही.

मुलांच्या शाळेत नेमकं उलटं. पेपर पंधरा-वीस मिनिटं आधी संपलेला असतो, उत्तर बरोबर असतं आणि मधल्या दोन पायऱ्या गायब. भूमितीत तर विधान लिहायचं आणि शेजारी कारण लिहायचंच नाही, ही मुलांची खोडच असते. वर्तुळ आणि समरूपता या दोन धड्यांत कारणाअभावी अर्धा-अर्धा गुण करत तीन-चार गुण सहज जातात.

एक गोष्ट शाळेत जाऊन जरूर विचारा : तपासलेले पेपर वर्गात कसे वाटतात? हजेरी क्रमांकाने की मार्कांच्या उतरत्या क्रमाने? राज्य मंडळाने गुणवत्ता यादी कधीच बंद केली, आयसीएसई मंडळानेही २०२४ पासून जाहीर केली नाही. पण वर्गात पेपर जर सर्वांत जास्त मार्कांपासून खाली वाटत आणले, तर ती यादी चाळीस मुलींसमोर दर महिन्याला लागतेच. शेवटच्या दहा पेपरांच्या वेळी वर्गात जी शांतता पसरते, ती मुलींच्या मनात वर्षभर राहते. ही पद्धत बदलायला एक पैसा लागत नाही. ज्या शाळेने ती बदलली आहे, तिथे कुणीतरी मुलींचा विचार केलाय असं समजायला हरकत नाही.

आणि मुलींच्या शाळेची जमेची बाजूही सांगायला हवी. प्रयोगशाळेत बर्नर पेटवणारी मुलगी, स्नेहसंमेलनात माइक आणि दिवे सांभाळणारी मुलगी, क्रीडा कप्तान मुलगी, विज्ञान प्रदर्शनात करवत घेऊन मॉडेल बनवणारीही मुलगीच. एकत्र शाळेत प्रयोग मुलगा करतो आणि निरीक्षणं मुलगी लिहून घेते, ही वाटणी कुणी न सांगता होते. इथे ती होऊच शकत नाही.

सांख्यिकी

खडूफळा यांचं बाकी सगळं पटलं. पण निकालाच्या मुद्द्यावर सासूबाईंना कुणीतरी सांगायला हवं. मुलींच्या शाळेमुळे मार्क वाढतात याला भक्कम आधार नाही. २०१४ साली एक मोठं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं, २१ देशांतले १८४ अभ्यास आणि सुमारे १६ लाख विद्यार्थी. ज्या अभ्यासांत घरची परिस्थिती आणि आधीची गुणवत्ता नीट धरली होती, तिथे एकलिंगी शाळेचा फायदा जवळपास नाहीसा झाला. सोलमध्ये विद्यार्थ्यांना सोडतीने शाळा मिळत असे, तिथल्या अभ्यासात एकलिंगी शाळांना थोडा फायदा दिसला, म्हणजे विषय अगदी संपलेला नाही. पण मुंबईत सगळ्यांसाठी अशी सोडत नाही. खाजगी शाळा मुलाखत घेऊन, घर बघून, फी बघून प्रवेश देतात. शंभर टक्के निकालाचा फलक लागतो त्यात शाळेचं काम किती, निवडीचं किती आणि क्लासचं किती, हे त्या फलकावरून कळत नाही.

शाळेला निकालाची टक्केवारी विचारू नका. नववीत किती मुली होत्या आणि त्यातल्या किती दहावीला याच शाळेतून बसल्या, ते विचारा. नववीत कच्च्या मुलींना "दुसरी शाळा बघा" किंवा "सतरा नंबरचा फॉर्म भरा" (म्हणजे बाहेरून परीक्षेला बसा) असं सुचवलं जात असेल, तर शंभर टक्क्यांचा अर्थच बदलतो.

खडूफळा

सांख्यिकी, बरोबर, म्हणूनच मी मार्कांचा फायदा सांगितला नाही. वर्गात हात कोण वर करतं, प्रयोग कोण करतं, याबद्दल बोलले. ते गुणपत्रिकेत उतरत नाही, पण अकरावीला विज्ञान घ्यायचं की नाही हे ठरवताना मुलीच्या मनात तेच असतं. नववी-दहावीच्या पटाचा प्रश्न मात्र अगदी बरोबर. तो विचाराच.

समुपदेशन_कक्ष

मी शालेय समुपदेशक आहे. नणंदबाईंची भीती अगदीच निराधार नाही, पण त्याचं चित्र जरा स्पष्ट करते.

मुलींच्या शाळेत ताण बहुधा आवाज करत नाही. मुलांच्या शाळेत तो वर्तनात दिसतो : मारामारी, वर्ग बुडवणं, वही न आणणं, "मला नाही पडत" असं तोंडावर सांगणं. मुलगा अभ्यास करूनही मित्रांना "काहीच वाचलं नाही" सांगतो, कारण मेहनत करणं तिथे कमीपणाचं ठरतं, आणि अडलं तरी विचारत नाही. मुलींमध्ये उलट, वही पूर्ण असते, वागणं छान असतं, शिक्षकांची तक्रार शून्य. आणि शरीर बोलायला लागतं. चाचणीच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं, डोकं दुखतं, डबा तसाच परत येतो, केस गळतात, पाळी पुढेमागे होते. शिक्षकांना ही मुलगी "काही त्रास नसलेली" वाटते. दहावीपर्यंत समुपदेशकाकडे तिला कुणी पाठवत नाही.

झोपेचा हिशेब एकदा कागदावर मांडा. सकाळची शाळा सातची. आठ-दहा स्टेशनांवरून येणारी मुलगी साडेपाचला उठते. शाळा पाऊणच्या सुमारास सुटते, घरी यायला दीड. क्लास चार ते सात. घरी येऊन जेवण, गृहपाठ साडेआठ ते अकरा. झोपायला सव्वाअकरा. म्हणजे झोप सव्वासहा तास. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास लागतात. रोज पावणेदोन तास कमी, सहा दिवसांत साडेदहा तास. रविवारी भरून काढावी, तर रविवारी सकाळी क्लासची टेस्ट. अशा मुलीला पाठांतर का होत नाही, छोट्या गोष्टीवरून रडू का येतं, याची वेगळी कारणं शोधायच्या आधी हे गणित सोडवावं लागतं. शाळा घराजवळची असणं हा मला पहिल्या तीन निकषांतला वाटतो. माटुंग्यातली नामांकित शाळा आणि चालत दहा मिनिटांवरची बरी शाळा यांत रोजच्या एक-दीड तासाचा फरक पडत असेल, तर मी दुसरी निवडेन.

खाण्याचंही बघा. छोटी सुट्टी दहा मिनिटांची, मोठी वीस. सकाळी उपाशी निघालेली मुलगी पहिला घास साधारण साडेनऊला खाते. प्रार्थनेच्या वेळी किंवा मार्चपास्टच्या सरावात चक्कर येऊन पडणाऱ्या मुलींना आधी विचारायचा प्रश्न एकच, सकाळी काय खाल्लंस. निघताना दूध-केळं, नाहीतर राजगिऱ्याचा लाडू तरी पोटात गेलाच पाहिजे.

शाळा बघायला जाल तेव्हा स्वच्छतागृह बघा, आणि सकाळी नाही, शाळा सुटायच्या अर्धा तास आधी बघा. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. ही सोय नीट नसली की मुली शाळेत पाणीच पीत नाहीत. सहा तास पाणी न पिता बसायचं, मग डोकेदुखी आणि लघवीचे संसर्ग, आणि पाळीच्या चार दिवसांत गैरहजेरी. फक्त मुलींच्या शाळेत मागच्या बाकावरून उठून पॅड मागायला संकोच कमी असतो, हा खरा फायदा आहे. पण पॅड ऑफिसातल्या कुलूपबंद कपाटात असेल आणि चावी एकाच बाईंकडे असेल, तर त्या फायद्याला अर्थ राहत नाही.

समुपदेशकाबद्दल : जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं टाळावं, हेही त्यात आहे. तेव्हा "समुपदेशक आहेत का" एवढंच विचारू नका, "हो" असंच उत्तर येईल. आठवड्यात किती दिवस असतात, किती मुलींमागे एक, खोली कुठे आहे, मुलीने तिथे काय बोललं ते वर्गशिक्षिकेला कळतं का, हे विचारा. मुख्याध्यापिकेच्या खोलीतून जावं लागत असेल तर तिथे मुली जात नाहीत.

चूक लावून घेणाऱ्या मुलीबद्दल दोन शब्द. पेपर हातात आला की घरात पहिलं वाक्य "किती मिळाले?" असू नये, "सर्वांत जास्त किती?" हे तर अजिबात नको. पेपर मागा, सोबत बसा, गेलेल्या गुणांची चार कप्प्यांत वाटणी करा : येत नव्हतं, येत होतं पण वेळ पुरला नाही, प्रश्न चुकीचा वाचला, लिहिण्यात राहिलं. चाळीसपैकी अठ्ठावीस म्हणजे "मी वाईट" असं तिच्या डोक्यात असतं. ते "सहा गुण वेळेचे, तीन वाचण्याचे, दोन लिहिण्याचे, एक न येण्याचा" असं समोर आलं की तिला करण्यासारखं काहीतरी दिसतं.

सलग दोन आठवडे झोप उडणं, खाणं तुटणं, मैत्रिणी तुटणं, "मी नसते तर बरं" अशा अर्थाचं काही बोलणं किंवा वहीत लिहिलेलं दिसणं, ही मदत घ्यायची वेळ आल्याची लक्षणं. यांपैकी शेवटचं तर एकदाच दिसलं तरी थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मुलं स्वतः १०९८ वर फोन करू शकतात.

पालक_प्रतिनिधी

प्रवेशाच्या बाजूचं मी सांगतो. पालक-शिक्षक संघाचं काम करतो, त्यामुळे कागदपत्रं आणि नियम रोजच्या हाताखालचे.

आठवीत प्रवेश म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेवर. बहुतेक शाळांत चार-दोन जागा असतात आणि त्यांची जाहिरात होत नाही. जानेवारीपासून ऑफिसात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पुढे लागतं ते : शाळा सोडल्याचा दाखला, सातवीचं प्रगतिपुस्तक, आधार, आणि जुन्या शाळेकडून ऑनलाइन नोंद नव्या शाळेकडे वर्ग करून घेणं. हे शेवटचं राहून जातं आणि दहावीचा फॉर्म भरताना नावाच्या स्पेलिंगसकट उफाळून येतं.

भाषा आधी विचारा. राज्य मंडळात संस्कृत आठवीपासून घेता येतं, पूर्ण १०० गुणांचं किंवा हिंदीबरोबर ५०-५० संयुक्त. म्हणजे आठवी ही शाळा बदलायला सोयीची जागा आहे, सगळ्याच मुली पहिल्या धड्यावर असतात. पण काही इंग्रजी शाळांत फ्रेंच पाचवीपासून चालू असतं. तिथे तुमच्या मुलीला तीन वर्षांचं मागून भरावं लागेल. मंडळ बदलायचं असेल तर तेही आत्ताच. आयसीएसईची नोंदणी नववीत होते, त्यानंतर वाट बंद. आणि त्या मंडळात भौतिक, रसायन, जीवशास्त्र असे तीन वेगळे ८० गुणांचे लेखी पेपर असतात, शिवाय इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पेपर. राज्य मंडळात विज्ञानाचे ४०-४०चे दोन भाग. सातवीपर्यंत राज्य मंडळात असलेल्या मुलीला पहिलं वर्ष जड जातं, खास करून इंग्रजी लिखाणात.

राज्य मंडळातला "बेस्ट ऑफ फाइव्ह" घरात सगळ्यांना समजावून सांगा. सहा विषय, ६०० गुण, टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांच्या ५०० वर. उत्तीर्ण व्हायला सहाही विषय धरतात, पण एका विषयात ६८ पडले म्हणून टक्केवारी कोसळत नाही. मुलीला हे आठवीतच माहीत असेल तर नावडत्या विषयाची भीती निम्मी होते. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३ वाढीव गुण आहेत. चित्रं काढायची आवड असेल तर आठवी-नववीत परीक्षा देऊन टाका, नसेल तर तीन गुणांसाठी रविवार घालवू नका.

आता शाळेला विचारायचे प्रश्न. वर्षाचं चाचण्यांचं कॅलेंडर जूनमध्ये छापील मिळतं का? एका आठवड्यात कमाल किती चाचण्या? आठवी-नववीच्या तुकड्या मार्कांवर पाडतात का? "अ तुकडी हुशारांची" असं असेल तर फेब्रुवारीत नववीच्या मुली तुकडी टिकवायला अभ्यास करतात, विषयासाठी नाही. शारीरिक शिक्षण आणि ग्रंथालयाचे तास दहावीला चालू राहतात की गणित-विज्ञानाला दिले जातात? याचं उत्तर तोंडी घेऊ नका, दहावीच्या एखाद्या वर्गात भिंतीवर लावलेलं वेळापत्रक बघा. शाळेच्याच आवारात शाळा सुटल्यावर खाजगी क्लास चालतो का आणि तिथे शाळेतलेच शिक्षक शिकवतात का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. जिथे वर्गशिक्षिकेकडेच शिकवणी असते, तिथे शिकवणीला न जाणाऱ्या मुलीची स्थिती काय होते ते वेगळं सांगायला नको.

तक्रार करायची वेळ आली तर व्हॉट्सॲप गटावर लिहू नका. तिथे शंभर पालक चिडतात आणि मुलीचं नाव मात्र सगळ्यांना कळतं. क्रम असा : वर्गशिक्षिकेला डायरीतून किंवा ईमेलवर, आठवड्याने पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापिका, मग पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत संघ स्थापन व्हावा लागतो, आणि समितीत प्रत्येक इयत्तेचा पालक इच्छुकांमधून सोडतीने घेतात. शाळेने परस्पर नावं ठरवायची नसतात. ही समिती मुख्यतः फीसाठी आहे हे खरं, पण चाचण्यांच्या गर्दीसारखा विषय तिथे मांडून इतिवृत्तात लिहून घेता येतो. सोडतीसाठी नाव द्या. सहसा फारच थोडी नावं येतात.

दादरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुणी सांगत नाही. अजून दोन शंका. सगळे म्हणतात आठवीपासून क्लास लावलाच पाहिजे, नाहीतर नव्या शाळेत मागे पडेल. आणि दहावीनंतर मुलामुलींच्या एकत्र कॉलेजात गेल्यावर मुलींच्या शाळेतल्या मुली बुजतात, हे कितपत खरं?

समुपदेशन_कक्ष

बुजतात ते मुलांना कमी, आकाराला जास्त. शाळेत चाळीस-पन्नास मुली, बाईंना प्रत्येकीचं नाव ठाऊक. अकरावीत वर्गात शंभराच्या वर, कुणी नाव विचारत नाही, हजेरी सैल, आणि सप्टेंबरपर्यंत मैत्रिणी वेगवेगळ्या क्लासेसमध्ये विखुरलेल्या. हे मुलांच्या शाळेतल्या मुलालाही तितकंच लागतं. तयारी म्हणून नववी-दहावीत एक तरी ठिकाण असं ठेवा जिथे मुलगे-मुली एकत्र काहीतरी करतात : पोहणं, नाटकाची शिबिरं, ट्रेकिंगचा गट, बुद्धिबळ, सोसायटीचा गणपती. शाळेबाहेरची एखादी मैत्रीणही हवी. वर्गातल्या गटातून बाहेर पडावं लागलं तर दहावीच्या वर्षी तीच उपयोगी पडते.

पालक_प्रतिनिधी

अकरावीचा प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असेल तर इनहाउस कोट्याच्या, म्हणजे त्याच शाळेतून आलेल्यांसाठी राखीव, १० टक्के जागा असतात. अल्पसंख्याक संस्थांत ५० टक्के जागा त्या समाजासाठी. शाळा निवडताना त्या आवारात कॉलेज आहे का हे पाहून ठेवा. दोन वर्षं एकाच ठिकाणी स्थिर गेली तर बुजण्याचा प्रश्नही हलका होतो. याहून जास्त महत्त्व देऊ नका.

खडूफळा

क्लासबद्दल. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असंच म्हटलंय. आठवीतली मुलगी तेरा वर्षांची. "लावलाच पाहिजे" हे कुठल्या कायद्यात नाही आणि अभ्यासक्रमातही तशी गरज नाही.

आठवीत जूनपासून क्लास लावू नका. नवी शाळा, नव्या बाई, नवी भाषा असेल तर ती, एवढं पहिल्या तीन महिन्यांना पुष्कळ आहे. घरी रोज ४० मिनिटं गणित. त्यात पहिली २५ मिनिटं त्या दिवशी शाळेत झालेलं, वही न बघता. उरलेली १५ मिनिटं मागच्या इयत्तेतलं : अपूर्णांक, ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी, कंस सोडवणं. दहावीला बीजगणितात जे गुण जातात ते नव्या धड्यात कमी आणि या तीन गोष्टींत जास्त जातात. समीकरणात पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलायचं राहतं आणि खालचं पानभर उत्तर वाया जातं.

हळूपणावर घड्याळ लावून काम करा, पण रोज नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी, १० गुणांची उदाहरणं काढा आणि ३० मिनिटं द्या. पहिल्या चार आठवड्यांत वेळ संपला तरी पूर्ण करू द्या, फक्त ३० मिनिटं झाली त्या ओळीवर छोटी खूण करा. खूण दर आठवड्याला खाली सरकताना तिला दिसली पाहिजे. पाचव्या आठवड्यापासून वेळ संपला की पेन खाली. समास न आखता, चौकटी न काढता लिहायची सवय याच अर्ध्या तासात लागते. शाळेच्या वहीत नीटनेटकं, या वहीत भरभर, अशा दोन वह्या राहू द्या. शाळेतल्या बाईंशी त्यावरून भांडायला लागत नाही.

पहिली घटक चाचणी झाली की पेपर मागून घ्या आणि समुपदेशन कक्षवाल्या ताईंनी सांगितलेले चार कप्पे पाडा. एकूण गेलेल्या गुणांपैकी निम्म्याहून जास्त "येत नव्हतं" या कप्प्यात असतील तरच शिकवणीचा विचार करा, आणि तीही जवळची, आठ-दहा मुलांची, आठवड्यात दोन दिवस, फक्त अडलेल्या विषयाची. बाकीच्या तीन कप्प्यांवर कुठलाही क्लास काम करत नाही, ते घरीच करावं लागतं. सहामाहीनंतर पुन्हा हेच. शिकवणी लावलीच तर बाईंना पहिल्याच दिवशी शाळेची वही दाखवा आणि पद्धत शाळेचीच ठेवायला सांगा. आणि रविवारच्या टेस्टला नाव देऊ नका.